डॅम्परआड दडलेला दोष : एका जुन्या जिप्सीच्या पुढच्या चाकांचे प्रकरण

भोर तालुक्यातील एका शेतकऱ्याने आमच्या कार्यशाळेत आणलेली ही गाडी २००२ सालची, कापडी टपाची मारुती जिप्सी किंग होती. लष्कराच्या लिलावातून बाहेर पडल्यावर ती आधी दुसऱ्या एका मालकाकडे राहिली आणि मग या शेतकऱ्याकडे आली. त्यांचे शेत नीरा देवघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला असल्याने पावसाळ्यात तिथे पोहोचायचे तर ओढे ओलांडावे लागतात आणि भातखाचरांच्या कडेकडेने चिखल तुडवत जावे लागते. माल विकायला मात्र हीच गाडी कापूरहोळमार्गे पुणे–सातारा महामार्गावर येते. एकाच गाडीने चिखलही तुडवायचा आणि महामार्गही धरायचा, अशा वापरात कोणत्या जागा आधी झिजतात हे या प्रकरणात फार स्पष्टपणे दिसले, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

तक्रार महामार्गावरची होती. वेगदर्शकावर ५५ ते ६० दिसत असताना डावे पुढचे चाक पुलाच्या सांध्यावरून किंवा एखाद्या खड्ड्यावरून गेले की पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे इतक्या जोराने हलू लागत की स्टेअरिंग हातात धरवत नसे. ही थरथर आपोआप कमी होत नसे. वेग पंचवीस-तीसच्या खाली आणल्यावरच ती थांबे. “ब्रेक दाबला की बंद होतं, पण तोवर जीव घशाशी येतो,” असे मालक म्हणाले. सरळ पुढचा ॲक्सल असलेल्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात, आणि ज्याने तो एकदा अनुभवला आहे त्याला या नावात अतिशयोक्ती वाटत नाही.

आधीच्या दुरुस्त्यांची यादी मोठी होती. चाके बॅलन्स करून झाली होती, अलाइनमेंट झाले होते, टाय रॉड एंड नवे होते, आणि दर वेळी स्टेअरिंग डॅम्परही बदलला गेला होता. नवा डॅम्पर बसला की गाडी काही आठवडे शांत राहते आणि मग दोष परत येतो, असे मालकांनी सांगितले. संपूर्ण तपासाची दिशा मला या एका वाक्यातून मिळाली. डॅम्परचे काम स्टेअरिंगला बसणारे धक्के गिळण्याचे आहे; चाकांना नेमक्या जागी धरून ठेवणे हे त्याचे काम नाही. नव्या डॅम्परने थरथर थांबते याचा अर्थ थरथर निर्माण करणारी ढिलाई दुसरीकडे कुठेतरी आहे आणि डॅम्पर ती काही काळ दाबून धरतो. डॅम्पर बदलून गाडी परत देणे म्हणजे दोष तसाच ठेवून त्याची खबर देणारी खूण तेवढी पुसून टाकणे होय, आणि महामार्गावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत मला ते धोक्याचे वाटते.

थरथर कशाने होते

जिप्सीच्या पुढच्या बाजूला एकसंध ॲक्सल आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) बसवलेला आहे. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना गोलाकार कवच असते. त्याच्या वर आणि खाली एकेक किंगपिन असते आणि या दोन किंगपिनांवर, निमुळत्या रोलर बेअरिंगांच्या आधाराने, चाक धरणारे नकल वळते. डावे आणि उजवे नकल एका लांब टाय रॉडने जोडलेले असते. त्यामुळे एक चाक हलले की दुसरेही हलते, आणि दोन्हींचे हलणे ॲक्सलच्या वर-खाली डोलण्याशी जुळले की ती हालचाल स्वतःच स्वतःला पोसू लागते.

प्रत्येक यंत्ररचनेची अशी हलण्याची स्वतःची एक गती असते. या गाडीला मूळच्या २०५/७० आर १५ मापाऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे टायर बसवलेले होते. मूळ टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ६६८ मिलिमीटर येतो आणि बसवलेल्यांचा ७३३ मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या टायरचा परीघ २.३ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरच्या खऱ्या वेगाला चाक सेकंदाला सात फेऱ्यांहून थोडे अधिक फिरते. टायरमध्ये किंचितही असमतोल असेल तर सेकंदाला सात वेळा एक छोटा धक्का स्टेअरिंगच्या सांध्यांना बसत राहतो, आणि ढिल्या सांध्यांची स्वतःची गती त्याच्या जवळपास आली की पुलाच्या सांध्याचा एक झटका पुरतो. मोठ्या टायरमुळे वेगदर्शकही कमी वेग दाखवतो, ही गोष्ट येथे विसरता कामा नये: घड्याळात ६० दिसत असताना ही गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ च्या वेगाने धावत होती.

टायरचा असमतोल, खड्डा किंवा पुलाचा सांधा ही ठिणगी आहे. ठिणग्या रस्त्यावर रोजच पडणार. त्या पडल्या तरी पेट घेऊ नये यासाठी दोन गोष्टी हव्यात: सांध्यांमध्ये ढिलाई नसावी, आणि चाकाला सरळ राहायला लावणारा किंगपिनचा कल पुरेसा असावा. किंगपिनची रेषा बाजूने पाहिली असता तिचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. सुझुकीच्या या घराण्याच्या गाड्यांसाठी तो साडेतीन अंश दिलेला आहे. साडेतीन अंश हा आकडा मुळातच लहान असल्याने त्यातून दोन अंश गेले तर फारसे काही उरत नाही.

गाडी जमिनीवर असताना

पुढचा भाग जॅकवर घेण्याआधी चारही चाके जमिनीवर ठेवूनच पहिली तपासणी केली. वजन चाकांवर असताना जी ढिलाई उघड दिसते ती चाक हवेत गेल्यावर लपू शकते, म्हणून हा क्रम मी बदलत नाही. एका मदतनिसाला स्टेअरिंगवर बसवून ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे झटपट हलवायला सांगितले आणि स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहिले. बोट सांध्याच्या दोन्ही भागांवर एकाच वेळी टेकवले की डोळ्याला न दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची हालचालही जाणवते. टाय रॉड एंड खरोखरच चांगले होते. ड्रॅग रॉड, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, तोही ठीक होता. स्टेअरिंग बॉक्समध्ये थोडा प्ले (मोकळी हालचाल) होता, पण वयाच्या मानाने तो वाजवी वाटला. बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू आवळून हा प्ले काढण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र मधल्या जागेवर झिजलेला बॉक्स असा आवळला तर वळणात तो अडखळू लागतो, म्हणून त्याला हात लावला नाही.

डाव्या पाट्याच्या मागच्या डोळ्यातील रबरी बुश लांबट झालेला दिसला, आणि स्टेअरिंग हलवताना डाव्या बाजूचा ॲक्सल कणभर मागे-पुढे सरकत होता. पहिला ठोस दोष हाच. पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट मात्र सगळे घट्ट होते.

पाट्यांच्या पुढच्या टोकांकडे पाहिले तेव्हा दुसरी गोष्ट समोर आली. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक गाडीच्या चौकटीला जोडणाऱ्या डोलत्या पट्ट्या, पुढच्या टोकाला असतात. या गाडीत मूळ शॅकल काढून त्याजागी उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल बसवलेले होते. दोन छिद्रांमधले अंतर मूळच्यापेक्षा ४० मिलिमीटरने जास्त भरले. शॅकल लांब झाला की चौकट वर उचलली जाते, पण पाट्याचे पुढचे टोक चौकटीच्या तुलनेत खाली जाते. पाटा आपल्या मागच्या डोळ्याभोवती पुढे झुकतो, त्याच्यासोबत ॲक्सलही पुढे झुकतो, आणि किंगपिनचे वरचे टोक पुढे येते. पाट्याची लांबी मीटरहून थोडी कमी असल्याने ४० मिलिमीटरच्या फरकातून सुमारे अडीच अंशांचा कल जातो. उंची मिळते, पण तिची किंमत कॅस्टरमधून वळती होते, आणि शॅकल विकणारा ही गोष्ट गिऱ्हाइकाला क्वचितच सांगतो.

अंदाजावर न राहता कोन मोजला. गाडी सपाट फरशीवर उभी करून किंगपिनच्या वरच्या टोपीच्या यंत्रित पृष्ठभागावर अंकीय कोनमापक ठेवला, मग गाडी उलट्या दिशेला तोंड करून त्याच जागी उभी केली, पुन्हा मोजले आणि सरासरी घेतली. फरशीला असलेला उतार त्यामुळे हिशेबातून जातो. डावीकडे ०.९ अंश आणि उजवीकडे १.१ अंश आले. अलाइनमेंट यंत्राच्या आधीच्या छापील कागदावरही कॅस्टर कमी असल्याचे लाल अक्षरांत छापलेले होते. एकसंध ॲक्सलमध्ये कॅस्टर बदलायला कोणताही स्क्रू नसतो, तो पाट्यांच्या बैठकीवरच ठरतो, म्हणून कदाचित त्या ओळीकडे कुणी लक्ष दिले नसावे. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची किंचित आत वळलेली ठेवण, तेवढे नीट जुळवलेले होते.

जॅकवर घेतल्यानंतर

ॲक्सलखाली भक्कम आधार देऊन डावे चाक वर आणि खाली धरून हलवले तेव्हा स्पष्ट खटका लागला. अशा वेळी ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे की किंगपिनमध्ये, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगमधली ढिलाई नाहीशी होते आणि उरते ती किंगपिनची. येथे ब्रेक दाबूनही खटका तसाच राहिला. उजव्या चाकाला तो बारीक होता.

त्यानंतर टाय रॉड दोन्ही नकलांपासून सोडवला. सांधा सोडवायला हातोड्याचे घाव न घालता पुलर वापरला, कारण नवे टाय रॉड एंड फुकट खराब करण्याचे कारण नव्हते. चाक उतरवून, नकल हातात धरून ते सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवले. चांगल्या किंगपिनवर नकल सर्वत्र सारख्याच जडपणाने वळते. डावे नकल मात्र सरळ चाकाच्या जागी येताच एका खाचेत बसल्यासारखे थांबले. तिथून बाहेर काढायला हलका जोर लागला आणि बाहेर आल्यावर ते अगदी सैल फिरले. थोडक्यात, गाडी सरळ धावत असताना नकलाची बैठक जिथे सर्वांत पक्की हवी, नेमक्या तिथेच बेअरिंग खाल्लेले होते.

हा जडपणा मोजता येतो, आणि तो मोजलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. नकलाच्या दांड्यातील टाय रॉडच्या छिद्रात हुक अडकवून, दांड्याशी काटकोनात ओढून, नकल हलायला लागेल त्या क्षणाचा जोर वाचायचा असतो. नकलाचे मागचे ऑइल सील काढलेले असताना तो १.० ते १.८ किलो असावा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. बाजारात मासळी तोलायला वापरतात तो हुकाचा काटा पुरतो. खाचेबाहेर डावीकडे जेमतेम ३०० ग्रॅम आले, उजवीकडे ७०० ग्रॅमच्या आसपास. एवढा साधा काटा हाताशी असताना ही तपासणी इतक्या कमी ठिकाणी का होते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आत काय सापडले

डाव्या बाजूचे काम आधी घेतले. ब्रेक कॅलिपर तारेने बांधून ठेवला, म्हणजे त्याचे वजन होजवर येत नाही. हब, स्पिंडल आणि ॲक्सलचा दांडा क्रमाने बाहेर काढला. स्पिंडल सुटताच नकलामधून गडद, पातळ तेल वाहू लागले. या जागेत तेल असण्याचे काही कारण नाही. तिथे घट्ट ग्रीस भरलेले असते. तेलाच्या वासावरून ते डिफरन्शिअलमधले गिअर ऑइल आहे हे लगेच कळले. तळाशी उरलेले ग्रीस ताकासारखे पांढुरके झाले होते, म्हणजे पाणीही शिरले होते.

किंगपिन काढताना वरच्या आणि खालच्या, डाव्या आणि उजव्या किंगपिनच्या शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगवेगळ्या पुड्यांत खुणा करून ठेवल्या. या शिमांवरच बेअरिंगचा ताण ठरतो आणि त्या मिसळल्या की नंतरचे मोजमाप निष्कारण लांबते. वरच्या बेअरिंगचा कप (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) पुसून पाहिला तर तो नुसता निस्तेज झाला होता. खालच्या कपाची गोष्ट वेगळी होती. चिंधीने पुसून उजेडात तिरपा धरला तेव्हा त्याच्या निमुळत्या पृष्ठभागावर रोलरांच्या अंतराने आडवे व्रण ओळीने उमटलेले दिसले. त्यांवरून नख फिरवले की ते प्रत्येक व्रणात अडकत होते. दोन व्रणांच्या मधला पोलाद मात्र अजून चकाकत होता, आणि कडेला गंजाची तपकिरी रेघ होती.

हे व्रण कसे पडतात ते समजून घेण्यासारखे आहे. चाकाचे बेअरिंग सतत फिरते, त्यामुळे झीज सगळीकडे वाटली जाते. किंगपिनचे बेअरिंग तसे फिरत नाही. महामार्गावर स्टेअरिंग एक-दोन अंशांतच हलते, म्हणजे रोलर तासन्‌तास एकाच जागी उभे राहून रस्त्याचे सगळे धक्के त्याच रेषेवर सोसतात. ग्रीसचा थर असेपर्यंत तो धक्के वाटून घेतो. ग्रीस पातळ झाले की पोलादावर पोलाद आपटते, पाण्याने गंज धरतो आणि रोलर स्वतःची जागा कोरून बसतात. जुन्याच बेअरिंगवर एखादी शिम कमी करून घट्टपणा आणण्याचा मार्ग काही जण सुचवतात. व्रण पडलेल्या बेअरिंगवर तो चालत नाही. सरळ जागी ढिलाई काढावी तर वळताना नकल जखडते, वळताना मोकळे ठेवावे तर सरळ जागी ढिलाई उरते, आणि दोन्ही स्थितींत स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही.

बेअरिंग बदलून येथेच थांबता आले असते, पण गिअर ऑइल नकलात कसे आले हा प्रश्न उरला होता. ॲक्सलच्या नळीच्या टोकाशी, दांड्याभोवती एक आतले सील असते आणि तेल अडवण्याचे काम तेच करते. सील काढले तर त्याची कड कडक होऊन चिरली होती, आणि दांड्यावर सील घासते तिथे एक बारीक चर पडला होता. सील जुने झाले हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे ॲक्सलच्या श्वासनळीत होते. डिफरन्शिअल गरम झाला की आतली हवा फुगते आणि ती बाहेर पडावी म्हणून ॲक्सलवर ब्रीदर बसवलेला असतो. या गाडीचा ब्रीदर सुकलेल्या चिखलाने पूर्ण बुजला होता. त्याच्या छिद्रात तारसुद्धा जाईना. हवेला वाट नसल्याने गरम ॲक्सलमधला दाब सीलवर येत राहिला आणि तेल नकलात ढकलले गेले. उलट, गरम ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, पोकळी तयार होते, आणि बाहेरचे पाणी मिळेल त्या फटीतून आत ओढले जाते. महामार्गावर ६० च्या वेगाला जाणवणाऱ्या थरथरीची सुरुवात अशी शेताच्या वाटेवरच्या ओढ्यात झालेली होती. या गाडीच्या दुरुस्तीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच, कारण ब्रीदर तसाच बुजलेला ठेवून नवी बेअरिंगे बसवली असती तर एक-दोन पावसाळ्यांत त्यांचीही हीच गत झाली असती.

दुरुस्ती

दोन्ही बाजूंची वरची-खालची मिळून चारही किंगपिन बेअरिंगे बदलली. उजवीकडची अजून काही काळ चालली असती, पण नकल उघडायचे कष्ट तेवढेच असतात आणि दोन्ही बाजूंचा जडपणा सारखा नसेल तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. जुने कप पितळी पंचाने समोरासमोर आळीपाळीने ठोकून काढले. नवा कप बसवताना जुना कपच पालथा ठेवून त्यावर ठोकले, म्हणजे तो तिरका जात नाही आणि त्याच्या पृष्ठभागाला हातोडा लागत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. तो ऐकल्याशिवाय थांबायचे नाही.

मूळ शिमांसह नवी बेअरिंगे बसवल्यावर डावीकडे काट्यावर २.६ किलो आले, म्हणजे ताण जास्त झाला. ढिलाईने इतका त्रास दिल्यावर थोडे जास्त घट्ट असलेले बरे, असे कुणालाही वाटू शकते. पण जास्त ताणात रोलर कपात रुतून नव्याने व्रण पाडतात आणि कॅस्टरला चाक सरळ करण्याइतकी ताकद उरत नाही. ०.१ मिलिमीटरची एक शिम वाढवल्यावर डावीकडे १.५ किलो आणि तशाच रीतीने उजवीकडे १.४ किलो आले. शिमा वाढवताना किंवा काढताना वर आणि खाली शक्य तितका समतोल ठेवावा, कारण ॲक्सलचा दांडा नकलाच्या मध्यातूनच गेला पाहिजे.

दोन्ही आतली सील नवी बसवली. डाव्या दांड्यावरच्या चरामुळे नव्या सीलची कडही त्याच चरात घासली असती, म्हणून ते सील मूळ जागेपेक्षा थोडे आत बसवले आणि त्याची कड दांड्याच्या गुळगुळीत भागावर येईल असे पाहिले. दांडाच बदलणे अधिक चांगले, पण चर उथळ होता आणि खर्चाचा विचार करता हा मार्ग मालकांना पटला. नकलाची मागची सील, त्यांच्या फेल्टच्या पट्ट्यांसह, बदलली; चिखल अडवणारी पहिली भिंत तीच असते. ब्रीदरच्या जागी तेलाला टिकणारी होज लावून ती इंजिनच्या कप्प्यात वरपर्यंत नेली आणि तिच्या टोकाला एक छोटे फिल्टर बसवले. होज बांधताना पुढच्या ॲक्सलला पूर्ण खाली लोंबकळायला पुरेल एवढी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर पहिल्याच खोल खड्ड्यात ती ओढली जाते. ॲक्सलमधले तेल पूर्ण बदलले. जुन्या तेलात पाण्याचे थेंब स्पष्ट दिसत होते.

उंचीच्या प्रश्नावर मालकांशी बरीच चर्चा झाली. लांब शॅकल ठेवून कॅस्टर परत मिळवायचा तर ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी घालता येते. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असल्याने पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी लागते; उलटी बसवली तर उरलासुरला कॅस्टरही जातो. मात्र पाचरीमुळे ॲक्सलचे नाक, म्हणजे मागच्या दिशेला असलेली पिनियन, खाली झुकते आणि वाढलेल्या उंचीमुळे आधीच तिरका झालेला पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणारा दांडा) आणखी तिरका होतो. फोर व्हील ड्राइव्हमध्ये त्याच्या क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, भार वाढतो. या मालकांना खडकांवर चढायचे नव्हते. त्यांना चिखलातून शेतावर जायचे होते. त्यासाठी शॅकलची उंची फारशी कामाची नाही, कारण शॅकलने चौकट वर जाते, पण चिखलात टेकणारा डिफरन्शिअलचा गोळा आहे तिथेच राहतो. गोळ्याची उंची फक्त टायरने वाढते. हे गाडीखाली पट्टी धरून दाखवल्यावर त्यांनी मूळ मापाचे शॅकल परत बसवायला होकार दिला. पाट्यांचे सर्व बुश त्याच वेळी बदलले. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असावी लागते. हवेत आवळलेले रबर खाली आल्यावर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

शॅकल मूळ जागी आल्यावर २३५ चे टायर पूर्ण वळणात मडगार्डच्या कडेला घासू लागले. त्याजागी २१५/७५ आर १५ घ्यावेत असे मी सुचवले. त्यांचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळ टायरपेक्षा गोळ्याखाली सतरा-अठरा मिलिमीटर जास्त मिळतात, आणि हे माप तालुक्याच्या गावीही सहज मिळते. टायर बदलेपर्यंत स्टेअरिंगचे स्टॉप बोल्ट थोडे बाहेर काढून वळण मर्यादित केले आणि चारही चाके पुन्हा बॅलन्स केली.

सगळे जुळल्यावर कॅस्टर डावीकडे ३.२ आणि उजवीकडे ३.४ अंश आला.

डॅम्परशिवाय चाचणी

पहिली चाचणी डॅम्पर मुद्दाम काढून घेतली. डॅम्पर लावून गाडी शांत धावली असती तर त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. नव्या डॅम्परने ती याआधीही शांत धावलीच होती. पहाटे रस्ता मोकळा असताना, आधी ४० च्या, मग ५० च्या आणि मग ६० च्या वेगाने, मागे-पुढे वाहन नाही याची खात्री करून ज्या पुलाच्या सांध्यावर हमखास थरथर होत असे त्याच सांध्यावरून गाडी नेली. स्टेअरिंगला सांध्याचा ठोका जाणवला आणि तिथेच संपला. पुढे ७० च्या वेगालाही तसेच झाले. अशी चाचणी करताना स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढू नयेत आणि वेग एकदम वाढवू नये. संशय येताच सावकाश वेग कमी करावा, कारण थरथर सुरू असताना जोराने ब्रेक मारला तर वजन पुढच्या चाकांवर येऊन ती क्षणभर वाढूही शकते. यानंतरच डॅम्पर परत बसवला. तो जुनाच होता आणि चांगल्या स्थितीत होता.

७५ च्या पुढे एक वेगळी थरथर तेवढी उरली. ती हातांना जाणवत नव्हती. बसण्याच्या जागेतून आणि गिअरच्या दांड्यांतून येत होती. क्लच दाबून गाडी घरंगळू दिली तरी ती राहिली आणि वेग उतरला तशी कमी झाली, म्हणजे तिचे मूळ इंजिनात नसून फिरणाऱ्या शाफ्टांमध्ये होते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणारा जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून नसतो. तो रबरी माउंटांवर स्वतंत्र लटकलेला असतो आणि गिअरबॉक्समधून एका आखूड शाफ्टने जोडलेला असतो. रबर वयाने बसले की केस थोडा झुकतो, आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि ही गुणगुण सुरू होते. येथे एका माउंटचे रबर धातूपासून सुटलेले दिसले. पुढच्या चाकांच्या दोषाशी त्याचा संबंध नव्हता आणि त्यात तातडीचा धोकाही नव्हता, म्हणून ते काम पुढच्या भेटीसाठी ठेवले.

हजार किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टचे आणि किंगपिनच्या टोप्यांचे बोल्ट पुन्हा आवळले. पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा आली तेव्हा डाव्या नकलाचे मागचे सील सोडून काट्याने ओढून पाहिले. नव्या बेअरिंगची सुरुवातीची बैठक झाल्यावर जडपणा थोडा उतरणे अपेक्षितच असते, तो १.३ किलो भरला, म्हणजे मर्यादेतच होता. नकलातले ग्रीस घट्ट आणि स्वच्छ होते, ॲक्सलच्या तेलात पाणी नव्हते. मालकांनी तोवर २१५ चे टायर घेतले होते. त्याच भेटीत ट्रान्सफर केसचे तिन्ही माउंट बदलले, आणि उजव्या नकलाची तपासणी पुढच्या पावसाळ्यानंतर करायची असे त्यांच्या वहीत लिहून दिले.